दोन मोडक्या डब्यांचा एक डबा



माळा आवरण्याविषयी मागे लिहिले होते, त्यावर बरीच पत्रे आली. बहुतेकींची अडचण एकच. जुनी खेळणी ठेवावीत की काढून टाकावीत? सोलापूरच्या एका भगिनीने लिहिले आहे, ‘माहेरून आलेली पत्र्याची आगगाडी आहे. डबे चेपले आहेत, गंज चढला आहे. भंगारवाला वजनावर घेतो म्हणतो. देऊन टाकू का?’

ताई, भंगारवाल्याला आज परत पाठवा. उद्याचे उद्या पाहू. गेल्या वर्षी गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा माझा दुपारचा वेळ याच कामात गेला. त्यात माझ्या हातून काय बिघडले आणि काय साधले, ते सगळे सांगते. मग तुमचे तुम्ही ठरवा.

आमचे आजेसासरे मिरजेला रेल्वेत गार्ड होते. १९५३ साली तिथले एक साहेब विलायतेला परत निघाले, तेव्हा त्यांनी घरचे सामान विकायला काढले. आजेसासऱ्यांनी त्यातून एक मोठे कपाट घेतले आणि मुलांसाठी आगगाडी घेतली. किल्लीचे इंजिन, लंबगोल रूळ आणि किरमिजी रंगाचे तीन लांब डबे. डब्यांच्या अंगावर सोनेरी अक्षरात एल.एम.एस. असे छापलेले. ही अक्षरे लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश या रेल्वेची. ती १९२३ साली सुरू झाली आणि १९४८ साली सरकारजमा झाली. म्हणजे आमच्या घरी डबे आले तेव्हा ती रेल्वे उरलीसुद्धा नव्हती!

डबे हॉर्नबीचे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली भोकाभोकांच्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले. तेच पुढे ‘मेकॅनो’ म्हणून जगभर गेले. १९२० पासून त्याच कंपनीने आगगाड्या काढल्या. आमची गाडी त्यांच्या मोठ्या मापाची, दोन रुळांत ३२ मिलिमीटर अंतर असलेली. लिव्हरपूलचा तो कारखाना १९७९ साली बंद झाला.

तर तीन डब्यांपैकी एक धडधाकट होता. दुसऱ्याचे पुढचे टोक चपातीसारखे चेपलेले. तिसरा कधीतरी गळक्या कौलाखाली राहिला होता, त्याचे मागचे टोक गंजून जाळी झालेली. गेली कित्येक वर्षे धडधाकट डबा शोकेसमध्ये आणि हे दोघे माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात.

माळा आवरताना ते खाली आले. आमचा चिनू नऊ वर्षांचा. तो लगेच ते घेऊन मामंजींकडे गेला. मामंजी म्हणजे माझे सासरे. माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते, प्रवासी डब्यांची दुरुस्ती करण्यात सारी नोकरी गेली. २००८ साली निवृत्त होऊन मिरजेला आले. आता वय सत्त्याहत्तर, आणि गेली तीन वर्षे कंपवात आहे. उजवा हात मांडीवर ठेवला की थरथरतो. चारचौघांत ते हात उपरण्याखाली घेतात. आम्ही सगळे ते न पाहिल्यासारखे करतो.

चेपलेला डबा पाहून मामंजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चिनूला पाणी आणायला पाठवून मला हळूच म्हणाले, “सूनबाई, हा मी मोडला.”

नऊ वर्षांचे असताना फडताळातल्या लाडवांसाठी त्यांनी एका पाटावर दुसरा पाट रचला. उंची पुरेना, म्हणून वर हा डबा ठेवला आणि त्यावर पाय दिला. डबा चेपला. वडिलांनी विचारले तेव्हा त्यांनी धाकट्या भावाचे नाव सांगितले. बाळकाकांना त्या दिवशी छडी बसली. ही गोष्ट १९५७ सालची. मामंजींनी ती सासूबाईंनाही कधी सांगितली नव्हती.

“बाळ दिवाळीला येतोय,” ते म्हणाले. “तोवर हा डबा चालता करता आला तर पाहू. माझ्या हातानं आता होणार नाही. मी सांगीन, तू कर.”

मी! आठवड्यातले चार दिवस सकाळच्या शाळेत इतिहास शिकवणारी मी. खडू आणि उलथने सोडून दुसरे हत्यार हातात धरलेले नाही. आमचे हे म्हणाले, “कारागिराकडे देऊ या.” मामंजी म्हणाले, “कारागिराला काय सांगू, कशासाठी हवाय म्हणून?” मी ‘हो’ म्हटले.

आधी कापायचे की नाही, हाच प्रश्न होता. या बाबतीत घाई नको. यांच्या ओळखीचे एक गृहस्थ जुनी खेळणी जमवतात. फोनवर त्यांनी बजावून सांगितले, “कापू नका. जुन्या छापील पत्र्याला हात लावला की संग्राहकाच्या लेखी किंमत गेली. विलायतेत या गाड्यांचे नव्याने बनवलेले सुटे भाग मिळतात, ते मागवा.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. तुमच्याकडचा डबा मळलेला पण शाबूत असेल, रंगाला नुसते ओरखडे असतील, तर मऊ कापडाने पुसा आणि तसाच ठेवा. रंगवायच्या तर फंदातच पडू नका. आमचा धडधाकट डबा आम्ही शोकेसमधून बाहेरही काढला नाही.

पण उरलेले दोन अर्धे मेलेलेच होते. एकाचे पुढचे टोक गेलेले, दुसऱ्याचे मागचे. मामंजी म्हणाले, “दोन्ही निरोगी अर्धे जोडले तर एक डबा होतो.” आपण दोन जुन्या साड्या मधोमध जोडून एक चांगली करतो ना, अगदी तसेच. फक्त कापडाला शिवणीत माया ठेवता येते, पत्र्याला माया नाही. रेघ चुकली की चुकली.

हत्यारे फार लागत नाहीत. सोनाराची बारीक करवत मुख्य. धनुष्यासारखी चौकट असते आणि तिच्यात केसाएवढे पान ताणून बसवतात. पाने डझनावर मिळतात आणि डझनानेच मोडतात, हे आधी लक्षात घ्या. माझी अकरा मोडली. याशिवाय दोन बारीक कानशी, एक चपटी आणि एक गोल, पक्कड, गुण्या, पॉलिश पेपर, चिकटपट्टी, अ‍ॅरल्डाइट आणि सोल्डरिंग आयर्न. पक्कड विकत घ्या बरं का. मी पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातली सांडशी नेली, तर सासूबाई म्हणाल्या, “आगगाडीला धरलेली सांडशी माझ्या दुधाच्या पातेल्याला नको.” त्यांचे बरोबरच होते. जुन्या रंगात शिसे असू शकते, डाखाच्या तारेतही बहुधा असते. या कामाची हत्यारे वेगळी आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, यात हयगय नको. जुना रंग घासायचा तर पॉलिश पेपर ओला करून घासा, म्हणजे धूळ उडत नाही. तोंडात वस्तू घालणारे लेकरू घरात असेल तर अशा गाडीशी त्याला खेळूच देऊ नका.

पत्र्याची थोडी ओळख करून घेऊ. हा पत्रा म्हणजे पातळ पोलाद आणि त्यावर कथलाचा मुलामा. कल्हईवाला नवसागर टाकून पितळेच्या पातेल्याला कथील फासतो, तीच गोष्ट कारखान्यात पोलादी पत्र्यावर केलेली असते. त्यावर रंगीत छपाई, मग पत्रा दुमडून डबा. कथलाचा एक दोष आहे. मुलामा अखंड आहे तोवर पोलाद सुरक्षित, पण ओरखडा गेला किंवा कड कापली गेली की उघडे पोलाद उलट लवकर गंजते. जस्ताच्या बादलीचे तसे नाही. तिथे जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला सांभाळते. तेलाचा डबा कापलेल्या कडेला आधी का गंजतो, हे मला या निमित्ताने कळले. म्हणून कथलाच्या पत्र्याची कापलेली प्रत्येक कड शेवटी रंगाने झाकायची.

पहिले काम डबा उकलण्याचे. छप्पर आमच्या डब्यांचे वेगळे निघत होते. तळ मात्र पत्र्याच्या जिभांनी अडकवलेला असतो. जीभ फटीतून बाहेर काढून वळवलेली असते. ती सरळ करताना बोथट सुरी खालून घालून हळूच उचला आणि फटीतून निघेल इतकीच सरळ करा. पुन्हा पुन्हा वाकवलेला पत्रा तुटतो. एक वाकवणे उकलायला, एक बसवायला, एवढेच आयुष्य तिला शिल्लक आहे असे समजा. पकडीच्या जबड्यांना चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर छपाईवर दातांचे वळ उठतात.

तळाखाली दोन बोगी असतात. आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, मामंजींना ते अजिबात खपत नाही. बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची चौकट. चिनूने दोनदा चूक केली आणि दोनदा बोलणी खाल्ली. आमच्या काही चाकांना बारीक भेगा होत्या, बोटाने दाबले तर तुकडाच पडला. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चाके ही. ओततानाच शिशाचा अंश जास्त गेला असेल तर वर्षांनी ती अशी आतून भुगा होतात. याला औषध नाही, चिकटवत बसू नका. दोन डब्यांची मिळून चाकांच्या आठ जोड्या होत्या, त्यातल्या पाच चांगल्या निघाल्या. लागणार चार.

आता बेतणे. कापड बेततो तसेच, पण मामंजींनी इथे मला पहिला धडा दिला. मी गंज जिथे संपतो तिथे पेन्सिल टेकवली होती. ते म्हणाले, “तिथं नाही. दिसतो त्याच्या पुढंपर्यंत गंज आत गेलेला असतो. निरोगी पत्र्यात पुढं जाऊन काप.” खऱ्या डब्यांतही असेच करतात म्हणे. जुन्या पोलादी डब्यांचा पत्रा शौचालयाच्या आसपास, खालच्या अंगाला गंजायचा. रोजचे पाणी झिरपून झिरपून. वरून रंग शाबूत दिसे आणि आत बोट गेले की पत्रा पापडासारखा मोडे. अशा वेळी चांगला पत्रा लागेपर्यंत कापून मग नवा तुकडा जोडायचा. हे सांगताना त्यांचा आवाज असा काही भरला, की मी इतिहासाचा तास घेते तेव्हा माझा तसा येत असेल तर बरे, असे मला वाटून गेले.

रेघ दोन खिडक्यांच्या मधल्या पट्टीतून घ्यायची. दार कापू नका, अक्षरे कापू नका. दोन्ही डबे एकाच घडणीचे असल्याने दोघांवर रेघ त्याच खिडकीपासून मोजून मारता येते. रंगावर रेघ मारू नका. आधी चिकटपट्टी लावा आणि गुण्या धरून पट्टीवर सुईने आखा. मापे दोनदा नाही, तीनदा घ्या. एका डब्याचा पुढचा भाग ठेवायचा आहे आणि दुसऱ्याचा मागचा, हे इतके सोपे असूनही मी एकदा उलटी फुली मारली होती. चिनूने पाहिले म्हणून बरे.

छप्पर मात्र कापायचे नाही. एका डब्याचे छप्पर अखंड ठेवायचे. ते सांध्यावरून जाते आणि दोन्ही अर्ध्यांना वरून धरून ठेवते. तळ आम्हाला कापावाच लागला, पण त्याचा सांधा भिंतीच्या सांध्यापासून तीन सेंटिमीटर बाजूला घेतला. सगळे सांधे एका रेषेत आले की डबा तिथेच मोडतो.

कापताना करवतीच्या पानाचे दात मुठीकडे झुकलेले हवेत. म्हणजे ओढताना कापते, ढकलताना नाही. पान बोटाने छेडले की तारेसारखे वाजले पाहिजे. आमच्या शेजारी सतारी बनवणारे घर आहे, तिथला मुलगा पान छेडून ‘आणखी ताणा, अजून लागलं नाही’ म्हणाला होता. मिरजेत राहण्याचे हे असे फायदे. पानावर मेणबत्ती फिरवा, म्हणजे अडकत नाही.

धातू कापताना जाडीत करवतीचे निदान दोन-तीन दात बसावेत असा नियम आहे. आपला पत्रा इतका पातळ, की बारीकातले बारीक पान घेतले तरी ते जमत नाही. मग दात पत्र्याला अडकतो, पत्रा फडफडतो आणि पान मोडते. माझी पहिली सहा पाने अशीच गेली. यावर उपाय म्हणजे पत्र्याला लाकडाची जाडी उसनी द्यायची. डब्याच्या आत बरोबर बसेल असा लाकडी ठोकळा घट्ट घाला. बाहेरून रेघेवर जाड पुठ्ठ्याची पट्टी चिकटपट्टीने बांधा. मग पुठ्ठा, पत्रा आणि थोडेसे लाकूड असे एकदमच कापा. पत्र्याच्या कात्रीने हे काम करू नका. कात्री पत्रा कापते खरी, पण कड लाटेसारखी वळवून ठेवते.

ठोकळा धरायचा कोणी, हा प्रश्न आला. शेगडा आमच्याकडे नव्हता. मामंजी पुढे झाले. मला मनातून धास्ती वाटली, पण त्यांनी दोन्ही तळहात ठोकळ्यावर ठेवले आणि अंगाचा भार दिला. हात हलला नाही! डॉक्टरांना मी नंतर विचारले. ते म्हणाले, या आजारात बहुतेकांचा विसावलेला हात जास्त थरथरतो, कामाला लावलेला कमी. सुई ओवणे त्यांना जमणार नाही, गुंडी लावायला वेळ लागतो, पण दाबून धरणे जमते. त्या दिवसापासून ठोकळा त्यांचा आणि करवत माझी. उपरणे खुंटीला.

कापून झाल्यावर कड सारखी करायची. कानशीने थोडे फार घासा, पण शेवटचे घासणे असे करा. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरा, अर्धा डबा कापलेल्या तोंडावर उभा धरा आणि गोल गोल फिरवा. कड आपोआप एका पातळीत येते. हे मला कोणी सांगितले नव्हते. शाळेत पाटीपेन्सिलीला टोक करताना मुली फरशीवर घासायच्या, त्यावरून सुचले. मामंजींनी “ठीक आहे” म्हटले. ही त्यांची मोठी शाबासकी.

आता माझी फजिती सांगते. दोन अर्धे जोडायला आतून पत्र्याची पट्टी लावायची. तेलाच्या डब्याची, बोटभर रुंद, खिडक्या सोडून. कथलाच्या पत्र्याला डाख फार छान धरतो, कारण डाखात कथीलच असते. साधारण १९० अंशांपर्यंत तो वितळतो. मी सोल्डरिंग आयर्न तापवले, पट्टी आतून टेकवली, डाख पाण्यासारखा पसरला. इतके सुबक झाले की मी खुशीत डबा फिरवून पाहिला, तर बाहेरची किरमिजी छपाई करपून तपकिरी फोड आलेला. पावट्याच्या दाण्याएवढा. इतक्या पातळ पत्र्याच्या एका अंगाला उष्णता दिली तर ती दुसऱ्या अंगाला जाणारच. हे मला कळायला हवे होते. तव्यावर भाकरी भाजणाऱ्या बाईला तरी!

मामंजी उठून आत गेले. संध्याकाळी जेवायला आले नाहीत. मी रात्रभर तळमळले. बाजारात मिळणारी वस्तू नव्हे, पुन्हा कुठून आणू? सकाळी शाळेत जाताना पाहते तर ते ओट्याजवळ स्टुलावर बसलेले. म्हणाले, “तो फोड मी काल पाहिला नव्हता गं. मला त्या पाटांचीच आठवण येत होती. फोड सांध्यावरच आहे, रंगात जाईल. बाकीच्या पट्ट्या अ‍ॅरल्डाइटनं लाव.”

तसेच केले. छापील भिंतींना डाख नकोच, अ‍ॅरल्डाइट पुरते. लावण्याआधी पत्रा आतून पॉलिश पेपरने खरबरीत करा आणि तेलकटपणा पुसून घ्या. दोन्ही अर्धे सपाट फळीवर ठेवून गुण्याने सरळ आहेत का पाहा, दोऱ्याने बांधा आणि पुरता एक दिवस हात लावू नका. डाख फक्त तळाला दिला. तो काळा आहे, छापील नाही. डाख देताना खिडकी उघडी ठेवा, आणि तीव्र आम्लाचे पाणी वापरले असेल तर नंतर स्वच्छ धुऊन कोरडे करा, नाहीतर तिथूनच गंज धरतो.

रंगाचे काम थोडक्यात सांगते. सगळा डबा रंगवायचा नाही, फक्त सांध्याची रेघ, कापलेल्या कडा आणि तो फोड. तांबड्या ऑइलपेंटमध्ये काळा थेंबाथेंबाने घातला. उरलेल्या गंजक्या तुकड्यावर लावून, वाळवून, उजेडात जुळतो का पाहिला. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो. माझा पाचव्या खेपेला जुळला, तोही दुपारच्या उन्हात. रात्री दिव्याखाली अजून रेघ दिसते.

खिडक्यांना काच म्हणून मिठाईच्या खोक्याचे पारदर्शक झाकण कापून आतून लावले. बाकडी चिनूने काड्यापेट्यांची केली. त्यात त्याने एक बाई बसवली आहे, कागदाची, हिरव्या लुगड्याची. विलायती डब्यात हिरवे लुगडे कसे, असे विचारले तर म्हणाला, “ती बोगीत चुकून चढली.” मामंजींनी लगेच, “डब्यात!” चाकांच्या कण्यांना शिवणयंत्राचे तेल, एकेक थेंब. जास्त घालू नका, धूळ धरते.

डबा रुळावर ठेवला तर एका वळणावर उतरे. सांधा पाव मिलिमीटरही तिरका नव्हता, मग का? मामंजींनी जमिनीला गाल लावून पाहिले आणि एक बोगी फिरत नसल्याचे ओळखले. तिची जीभ मी जास्त घट्ट वळवली होती. किंचित सैल केली, गाडी फिरली.

बाळकाका धनत्रयोदशीला संध्याकाळी आले. चिनूने दिवाणखान्यात रूळ मांडूनच ठेवले होते. किल्ली दिली, गाडी एक फेरा फिरली. काकांनी वाकून तो डबा उचलला, सांध्यावरून बोट फिरवले आणि हसत म्हणाले, “अरे, हा तर तोच! मीच मोडला होता ना हा लहानपणी? बाबांनी काय झोडपला होता मला.”

त्यांना खरेच तसे वाटत होते, मैत्रिणींनो. इतक्या वर्षांत त्यांचीही खात्री पटलेली होती.

मामंजींनी उपरणे शोधले नाही. हात तसाच मांडीवर थरथरत होता. म्हणाले, “नाही बाळ. तू नाही. मी.” मी चिनूला घेऊन पणत्या लावायला अंगणात गेले. दोघे भाऊ आत बराच वेळ होते. काय बोलले ते मी विचारले नाही. जेवताना मात्र काकांनी चार लाडू घेतले आणि पाचवा मामंजींच्या पानात टाकून म्हणाले, “घे अण्णा, आता पाट नको लावायला.”

सोलापूरच्या ताई, तुमचे डबे आधी नीट पाहा. शाबूत असतील तर पुसून ठेवा. चेपले असतील आणि तसे दोन असतील, तर वर लिहिले आहे तसे करून पाहा. एकच असेल तर घाईने काही करू नका. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेले. मुलांना तिथे जरूर न्या. मी शाळेची सहल घेऊन गेले होते, तेव्हा सिग्नल पडताना आणि गाड्या थांबताना पाहून आमच्या सातवीच्या मुली एरवी इतक्या बडबड्या, पण अर्धा तास चिडीचूप होत्या.

आणि करवतीची पाने दोन डझन आणा. एक डझन पुरत नाही.